सरकारी सभेत प्रार्थना कुणाची?

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावची ग्रामसभा पाद्रीबाबांच्या प्रार्थनेने सुरू झाली, तर ते चालेल का? बहुतेक जण लगेच ‘नाही’ म्हणतील. पण नाही का, याचे कारण फार महत्त्वाचे आहे. ‘ती ख्रिस्ती आहे म्हणून नाही’ असे कारण असेल, तर तो ख्रिस्ती नागरिकांवर उघड अन्याय आहे. ‘ती प्रार्थना आहे आणि ही सरकारी सभा आहे म्हणून नाही’ असे कारण असेल, तर तोच नियम नारळ फोडण्याला, आरतीला, फातिहाला आणि वंदनेलाही लावावा लागेल. दुसरे कारणच योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यामागे आपले संविधान, न्यायालयांचे निकाल आणि जगाचा अनुभव काय सांगतो, ते इथे क्रमाने पाहू.

जालन्याचा जुना धागा

जालन्यात ख्रिस्ती समाज काल-परवा आलेला नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले गृहस्थ. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत ते शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी निजामाच्या राज्यात, जालन्याच्या परिसरात काम उभे केले. शहराजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथे आलेल्यांत गावकुसाबाहेर ठेवलेल्या महार आणि मांग कुटुंबांची संख्या मोठी होती. या वस्तीसाठी जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात. मुस्लिम राज्यकर्त्याच्या कारभारात, ब्राह्मण घरात जन्मलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला, दलित कुटुंबांच्या वस्तीसाठी जमीन मिळाली. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातली ही गोष्ट प्रत्येक जालनेकराला माहीत असायला हवी.

याच कुटुंबाची दुसरी गोष्ट सरकारी दरबारात घडली. नारायण यांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वय जेमतेम बारा. वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाचा ताबा वडिलांकडे दिला. मुलगा घरी आला, पण त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर शहरात मोठा वाद पेटला. ‘दर्पण’चे संस्थापक बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

कोर्टासमोर प्रश्न मुलाच्या ताब्याचा होता. कोणता धर्म खरा, हे ठरवणे त्याचे काम नव्हते. राज्ययंत्रणेने आपल्या कामाची ही मर्यादा ओळखावी, हाच पुढच्या सगळ्या चर्चेचा गाभा आहे.

संविधान सभेत झालेले मतदान

१७ ऑक्टोबर १९४९. संविधानाच्या उद्देशिकेवर चर्चा चालू होती. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य ह. वि. कामथ यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. कामथ स्वतः श्रद्धाळू होते आणि मागणी मनापासूनची होती.

विरोध करणारेही नास्तिक नव्हते. श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या मनाचा विषय आहे, ती सर्वांवर लादता येणार नाही, असे थानु पिल्लै यांनी सांगितले. हृदयनाथ कुंझरू यांनी तोच मुद्दा पुढे नेला. ईश्वर मतदानाला टाकण्याची वेळ आणू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामथांना केली. कामथांनी दुरुस्ती मागे घेतली नाही. मतदान झाले. बाजूने ४१ आणि विरोधात ६८. दुरुस्ती फेटाळली गेली.

देश धार्मिक होता, सभागृहातले बहुसंख्य सदस्यही धार्मिक होते आणि तरीही त्यांनी राज्याच्या मूळ दस्तऐवजाच्या आरंभी ईश्वराचे नाव घातले नाही. उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ यांच्या नावाने सुरू होते, ती या विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयामुळे. त्याच उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य दिलेले आहे. उपासना नागरिकाची, राज्याची नाही, ही वाटणी तेव्हाच झाली.

याच काळात ख्रिस्ती नेत्यांनी दाखवलेला विश्वासही लक्षात ठेवायला हवा. संविधान सभेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. धर्माच्या आधारावर राखीव जागा नकोत, या भूमिकेला त्यांनी पाठिंबा दिला. राज्य सर्वांशी सारखे वागेल, या भरवशावर हे पाऊल उचलले गेले. तो भरवसा पाळणे ही आजची जबाबदारी आहे.

शपथ : दोन वाटा, दोन्ही सन्मानाच्या

मग आमदार आणि मंत्री ईश्वराच्या नावाने शपथ घेतात ते कसे? संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे दोन पर्याय दिले आहेत. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणा किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणा. दोन्हींचे कायदेशीर वजन अगदी सारखे. ईश्वर कोणता, हे कायदा विचारत नाही. ख्रिस्ती आमदाराच्या मनात येशू असेल, वारकरी आमदाराच्या मनात विठ्ठल असेल आणि ईश्वर न मानणारा आमदार दृढकथन करून तितक्याच मानाने आपल्या जागेवर बसेल.

न्यायालयातल्या साक्षीचेही तसेच आहे. चित्रपटांमुळे अनेकांना वाटते की साक्षीदाराला गीतेवर, कुराणावर किंवा बायबलवर हात ठेवावा लागतो. १९६९ च्या शपथ कायद्यात कोणत्याही ग्रंथाचे नाव नाही. तिथेही हेच दोन पर्याय आहेत.

शपथ आणि प्रार्थना यांतला फरक इथे स्पष्ट होतो. शपथ एक व्यक्ती स्वतःपुरती घेते आणि तिला निवड असते. सभेच्या आरंभीची प्रार्थना अध्यक्ष सर्वांच्या वतीने म्हणतो किंवा म्हणवून घेतो. बसलेल्यांना निवड राहत नाही.

न्यायालयांनी आखलेली रेषा

तीन निकाल या विषयावर मोलाचे आहेत.

पहिला केरळमधला. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे ते गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे पुरेसे आहे, तोंडून शब्द काढायला भाग पाडता येणार नाही. राष्ट्रगीतासारख्या सर्वांच्या गीताबाबत हा निकाल असेल, तर एका धर्माच्या प्रार्थनेबाबत सक्ती कशी चालेल?

दुसरा नाशिकचा. एका अनुदानित शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. या कारणावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. हात जोडण्याची सक्ती मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने मानले. संविधानाचे अनुच्छेद २८ इथे लागू होते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणाला उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही.

तिसरा निकाल २०१४ चा, मुंबई उच्च न्यायालयाचाच. येशूवर श्रद्धा आहे, पण आम्ही कोणत्याही धर्माचे नाही, असे म्हणणाऱ्या तिघांनी राजपत्रात तशी नोंद मागितली होती. शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली होती. न्यायालयाने सांगितले की सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात ‘मला धर्म नाही’ म्हणण्याचा हक्कही येतो आणि धर्म सांगायला सरकार कुणाला भाग पाडू शकत नाही.

गाण्याची, हात जोडण्याची किंवा धर्म सांगण्याची सक्ती नको, हे तिन्ही निकालांचे सार आहे. वेगवेगळ्या श्रद्धेच्या माणसांनी लढून मिळवलेले हे संरक्षण आज सर्वांच्या कामी येते.

भूमिपूजनाचा प्रश्न

आपल्याकडे सरकारी इमारतीची कोनशिला बसवताना भूमिपूजन होते, तेव्हा कुणाला काही वावगे वाटत नाही. पण हा प्रश्न न्यायालयात गेला आहे. गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्ध याचिका झाली. २०११ मध्ये ती फेटाळून याचिकाकर्त्याला २० हजार रुपये दंड करण्यात आला. पूजा म्हणजे बांधकाम सुखरूप व्हावे ही सर्वांच्या भल्याची इच्छा, असा न्यायालयाचा विचार होता.

वेगळा सूर महाराष्ट्रातून आला. मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड न्यायालयाच्या इमारतीच्या पायाभरणीला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आले होते. न्यायालयाच्या कार्यक्रमांत पूजाअर्चा थांबवावी आणि कार्यक्रमाची सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेपुढे नतमस्तक होऊन करावी, असे त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितले. वर सांगितलेले नाशिकचे आणि ‘धर्म नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रकरण ज्या खंडपीठांपुढे चालले, त्यांतही न्यायमूर्ती ओक होते.

मला हा दुसरा मार्ग पटतो. जालन्यात एखाद्या आरोग्य केंद्राच्या पायाभरणीला भटजी चालतात आणि पाद्री चालत नाहीत, असा अलिखित नियम असेल, तर राज्याने एका धर्माला घरचा आणि दुसऱ्याला पाहुणा ठरवलेले असते. ते दुरुस्त करण्याचे दोन उपाय आहेत. एक, सर्वांना बोलावणे. दोन, कुणालाच न बोलावणे.

जिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत

ख्रिस्ती प्रार्थना सरकारी कामकाजात असल्याचे उदाहरण भारतातच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोराममध्ये सुमारे ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. १५ डिसेंबर २०१८ रोजी झोरामथांगा मुख्यमंत्री झाले तेव्हा ऐझॉलच्या शपथविधीत बायबलचे वाचन आणि प्रार्थना झाली. तिथल्या बहुसंख्यांना ते स्वाभाविक वाटले असणार. पण मिझोराममध्ये बौद्ध चकमा समाजही राहतो. त्या कार्यक्रमात चकमा माणसाची जी जागा, तीच जालन्यातल्या भूमिपूजनात ख्रिस्ती माणसाची. राज्य बदलले की बहुसंख्य बदलतात, बाजूला उभ्या राहिलेल्या माणसाचे अवघडलेपण मात्र तेच राहते.

परदेशातही याची उत्तरे वेगवेगळी आहेत. ब्रिटिश संसदेचे कामकाज आजही अँग्लिकन प्रार्थनेने सुरू होते. डेव्हनमधल्या बिडफर्ड नगर परिषदेच्या सभेतील प्रार्थनेला कायद्याचा आधार नाही, असे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले. २०१५ मध्ये संसदेने कायदा करून ती परवानगी पुन्हा दिली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१५ मध्येच सॅगने शहराच्या परिषदेतील प्रार्थना बंद केली. राज्याने तटस्थ राहिले पाहिजे, हे त्या निकालाचे कारण.

अमेरिकेत २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस या गावाचे प्रकरण गाजले. गावच्या सभा बहुतेक वेळा ख्रिस्ती प्रार्थनेने सुरू होत. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही प्रथा मान्य केली. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मत लिहिले. गावच्या सभेत सामान्य माणूस काहीतरी मागायला येतो, ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यासमोर उभा राहतो. अशा वेळी प्रार्थनेत सामील न होणे म्हणजे आपण परके आहोत हे स्वतःच जाहीर करणे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्याच अमेरिकेत १२ जुलै २००७ रोजी सिनेटमध्ये प्रथमच हिंदू प्रार्थना झाली. राजन झेड प्रार्थना म्हणत असताना प्रेक्षक सज्जातून ख्रिस्ती निदर्शकांनी आरडाओरडा केला आणि त्यांना अटक झाली. सभागृह प्रार्थनेसाठी उघडले की कुणाची प्रार्थना योग्य यावर भांडण होते, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

सर्वधर्म प्रार्थना हा उपाय आहे का?

महाराष्ट्राला सर्वधर्म प्रार्थनेचा मोठा वारसा आहे. वर्ध्याच्या सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या प्रार्थनासभेत गीतेचे श्लोक, कुराणातील आयत, पारशी प्रार्थना आणि ख्रिस्ती भजन एकत्र येत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव रुजवली. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनात आधी होम झाला आणि नंतर सर्वधर्म प्रार्थना झाली, त्यात ख्रिस्ती प्रार्थनाही होती.

दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट सोहळ्यात गांधीजींना प्रिय असलेले ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती भजन अनेक दशके बँडवर वाजत असे. २०२२ मध्ये ते वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेण्यात आले. अनेक ख्रिस्ती नागरिकांना त्याचे वाईट वाटले आणि ते वाटणे समजण्यासारखे आहे. बाकी ठिकाणी पूजा चालू ठेवायची आणि एक भजन तेवढे काढायचे, याला तटस्थता म्हणता येत नाही.

तरीही समारंभ आणि सभा यांत फरक करायला हवा. समारंभात लोक स्वेच्छेने येतात, तिथे निर्णय होत नाहीत. तिथे सर्व धर्मांची हजेरी सौहार्दाची खूण ठरू शकते. सभेत मात्र निर्णय होतात. तिथे सर्वधर्म प्रार्थनेनेही प्रश्न सुटत नाही. यादीत कोण असणार, क्रम कोण ठरवणार, लिंगायत आणि जैन समाजाचे काय, कोणताही धर्म न मानणाऱ्याचे काय? गांधीजींची प्रार्थना आश्रमातली होती, यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. सरकारी सभेत ती मोकळीक नसते.

ग्रामसभेत हा प्रश्न सर्वात धारदार का?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली भरणाऱ्या ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार सदस्य असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ओळखीच्या तारखा. तिथे घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी येते, रोजगार हमीची कामे ठरतात, पाण्याच्या टाकीचा विषय निघतो. सगळे एकमेकांना नावाने ओळखतात.

मंठा किंवा भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या लहान गावात ख्रिस्ती घरे दोनच आहेत, असे समजा. त्यातल्या विधवेचे नाव घरकुलाच्या यादीत यायचे आहे. सभा आरतीने सुरू झाली तर ती हात जोडेल. मनात नसले तरी जोडेल, कारण सरपंच आणि ग्रामसेवक समोर आहेत. आता उलट समजा. एखाद्या वस्तीत ख्रिस्ती घरे बहुसंख्य आहेत, सभा प्रभूच्या प्रार्थनेने सुरू होते आणि बौद्ध किंवा हिंदू बाई कोपऱ्यात उभी आहे. तिचीही तीच गत. केगन यांनी ग्रीस गावाबद्दल जे लिहिले, ते आपल्या ग्रामसभेला जास्तच लागू पडते. आपल्याकडे माणसाचे सरकारवर अवलंबून असणे अधिक आहे आणि गाव अधिक जवळचे आहे.

चार प्रश्नांची कसोटी

कोणताही धार्मिक विधी सरकारी कामकाजात चालेल का, हे ठरवायला चार साधे प्रश्न पुरतात.

१. विधी कोण करतो किंवा करवतो? नागरिक किंवा कर्मचारी स्वतःपुरता करत असेल तर तो त्याचा हक्क. पदावरची व्यक्ती सर्वांच्या वतीने करत असेल तर अडचण आहे.

२. हजर राहणे बंधनकारक आहे का? शाळेचा परिपाठ, ग्रामसभा, कार्यालयातली बैठक इथे माणूस उठून जाऊ शकत नाही.

३. सामील न होणाऱ्याचे काही बिघडू शकते का? लाभ, बढती, गुण, मान यांपैकी काहीही.

४. हीच मुभा इतर सर्व धर्मांना आणि धर्म न मानणाऱ्यांना मिळेल का?

या कसोटीवर पुष्कळ गोष्टी सहज उत्तीर्ण होतात. बैठकीआधी ख्रिस्ती तहसीलदाराने आपल्या खुर्चीवर बसून मनात प्रार्थना केली, तर ते त्याचे स्वातंत्र्य. गुड फ्रायडे आणि नाताळची सरकारी सुट्टी योग्यच, तशीच दिवाळी आणि ईदची. तुरुंगातल्या कैद्याला पाद्री किंवा मौलवी भेटू देणे योग्य, कारण तो स्वतःहून कुठे जाऊ शकत नाही. सभा मात्र कोणत्याही धर्माच्या प्रार्थनेने सुरू करणे या कसोटीवर नापास होते.

मग सभेची सुरुवात कशी करावी?

सामूहिक सुरुवातीची गरज खरी आहे. माणसे शांत व्हावीत, मन एका जागी यावे, हा हेतू चांगला आहे. त्यासाठी सर्वांच्या मालकीच्या गोष्टी आपल्याकडे आहेत. विधानमंडळाचे अधिवेशन ‘वंदे मातरम्’ने सुरू होते आणि राष्ट्रगीताने संपते. नागपूर जिल्हा परिषदेने २००५ मध्ये शाळांत उद्देशिकेच्या वाचनाचा उपक्रम सुरू केला आणि २०२० पासून ते राज्यभरातील शाळांत बंधनकारक झाले. हुतात्म्यांसाठी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे मौन पाळले जाते.

मौन हा मला सर्वात चांगला मार्ग वाटतो. त्या मिनिटात ख्रिस्ती माणूस आपल्या स्वर्गीय पित्याला हाक मारू शकतो, मुस्लिम दुआ करू शकतो, वारकरी नाम घेऊ शकतो, बौद्ध माणूस श्वासावर मन ठेवू शकतो आणि विवेकवादी समोरच्या विषयपत्रिकेचा विचार करू शकतो. कुणाचे शब्द कुणाच्या तोंडी घातले जात नाहीत.

जालना जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी एक छोटा ठराव करावा : सभा एक मिनिटाच्या मौनाने आणि उद्देशिकेच्या वाचनाने सुरू होईल, कोणत्याही धर्माचा विधी सभेच्या कामकाजात होणार नाही आणि ज्यांना आपापली प्रार्थना करायची आहे त्यांनी ती सभेआधी वा नंतर मोकळेपणाने करावी. याला खर्च शून्य आणि शासनाच्या परवानगीची गरज नाही. ख्रिस्ती प्रार्थनेला सरकारी सभेत जागा नाही, हे म्हणण्याचा नैतिक अधिकार आपल्याला तेव्हाच मिळेल, जेव्हा आपल्या स्वतःच्या प्रार्थनेलाही आपण तोच नियम लावलेला असेल. सुरुवात बहुसंख्यांनी करायला हवी, कारण सोडण्यासारखे काही त्यांच्याकडेच आहे.